कसबाचे गुण, कलेचे गुण

मल्लखांबावरचा एक संच साधारण दीड मिनिटात संपतो. खेळाडू नमस्कार करून बाजूला होतो आणि पंच कागदावर एक आकडा लिहितात. प्रेक्षकांना संच आवडला की नाही हे टाळ्यांवरून कळते. पंचांना मात्र तो किती आवडला हे दशांश चिन्हाच्या पुढे जाऊन सांगावे लागते. हा आकडा कशाचा असतो? अवघड पकडींचा, की त्या ज्या डौलाने घेतल्या त्या डौलाचा? प्रश्न खेळाचा वाटतो, पण मुळात तो मोजमापाचा आहे. म्हणून त्याचा इतिहास विज्ञानाच्या शिक्षकांनीही पाहावा असे आम्हाला वाटते.

मल्लखांब म्हणजे मल्लाचा खांब. कुस्तीगिराला जोडीदार नसतानाही पेचांचा सराव करता यावा म्हणून हे साधन आले. बाराव्या शतकातील चालुक्य राजा सोमेश्वर याच्या ‘मानसोल्लास’ या ग्रंथात अशा खांबावरच्या व्यायामाचा उल्लेख सापडतो. पुढे ही विद्या मागे पडली आणि दुसऱ्या बाजीरावाच्या काळात बाळंभटदादा देवधर यांनी तिला पुन्हा उभे केले. पुण्याच्या दरबारात आव्हान घेऊन आलेल्या परप्रांतीय पहिलवानाला त्यांनी मल्लखांबाच्या तयारीवर चीत केले, अशी आख्यायिका आहे. तिच्यातला प्रत्येक तपशील खरा मानायचे कारण नाही. मात्र एक गोष्ट तीतून स्पष्ट दिसते. त्या काळी मल्लखांबाला पंच लागत नव्हता. पकड पक्की होती की कच्ची, हे समोरचा मल्ल दोन मिनिटांत दाखवून देत असे. परीक्षा खांबावर नव्हती, हौद्यात होती.

खांबावरची करामत स्वतःच पाहण्याजोगी आहे हे लोकांच्या लक्षात आले आणि मल्लखांब कुस्तीपासून सुटा होऊ लागला. अढी, तेढी, बगली, दसरंग, सुईदोरा, वेल, फरारे, ताजवे अशी नावे आखाड्यांतून रूढ होतीच. बडोद्याच्या दत्तात्रय चिंतामण मजुमदार यांनी संपादित केलेल्या दहा खंडांच्या व्यायाम ज्ञानकोशात अशा प्रकारांची पद्धतशीर नोंद झाली. आम्हाला हा टप्पा महत्त्वाचा वाटतो. ज्याला नाव नाही ते मोजता येत नाही. वनस्पतींची गणना करायची तर आधी त्यांचे वर्गीकरण लागते, तसेच हे.

१९५८ मध्ये दिल्लीच्या राष्ट्रीय जिम्नॅस्टिक्स स्पर्धेत मल्लखांबाचा समावेश झाला. १९८१ मध्ये उज्जैनला मल्लखांबाची स्वतंत्र राष्ट्रीय स्पर्धा भरली आणि खेळाला स्वतःचे नियम मिळाले. आता काठिण्याप्रमाणे घटकांच्या श्रेणी लागल्या आणि सादरीकरणातील चुकांसाठी गुण कापले जाऊ लागले. गुडघा वाकला, पायाचा चवडा ताणलेला नाही, दोन पकडींच्या मध्ये खेळाडू अडखळला, की वजावट. यातली गंमत पाहा. कुस्तीच्या दृष्टीने ताणलेल्या चवड्याला काहीच अर्थ नाही. तो सौंदर्याचा भाग आहे, पण नियमपुस्तकात तो आला कसबाच्या रकान्यातून! कला आणि कसब यांची सीमारेषा कागदावर आखणे किती अवघड आहे हे इथेच दिसते.

मल्लखांबात तर ती प्रत्यक्षातही पुसट आहे. अढी म्हणजे मांड्यांनी खांब आवळून हात सोडणे. समजा मुलाचे वजन ४० किलो आहे. पृथ्वी त्याला सुमारे ४०० न्यूटन बलाने खाली ओढते आणि त्याला तोलून धरायला फक्त घर्षण आहे. खांबाला एरंडेल चोळलेले असते, त्यामुळे कातडी सोलवटत नाही, पण घर्षण कमी होते. घर्षणांक ०.४ धरला तर दोन्ही बाजूंनी मिळून १००० न्यूटन, म्हणजे प्रत्येक बाजूने ५०० न्यूटन दाब द्यावा लागेल. इतका जोर लावूनही चेहरा शांत आणि पाठीची कमान सुरेख ठेवणारा मुलगा आपल्याला ‘कलात्मक’ वाटतो. वास्तविक त्याच्याजवळ शक्ती शिल्लक आहे, एवढेच आपण पाहत असतो.

बर्फावरच्या फिगर स्केटिंगने हाच प्रवास उलट दिशेने केला. आपल्याकडे हा खेळ दूरदर्शनच्या पडद्यावरच पाहिलेला, पण गुणदानाचा वाद जितका तिथे गाजला तितका क्वचितच कुठे गाजला असेल. ‘फिगर’ म्हणजे आकृती. स्केटच्या पात्याने बर्फावर वर्तुळे आणि वळणे कोरायची आणि पंचांनी वाकून तो माग तपासायचा, असा हा खेळ होता. माग बर्फावर राहत असल्याने मोजमापाला पुरावा असे. एकोणिसाव्या शतकात जॅक्सन हेन्स या अमेरिकन स्केटरने त्यात संगीत आणि नृत्य आणले; ते मायदेशापेक्षा व्हिएन्नाला अधिक रुचले. पुरुषांची पहिली जागतिक स्पर्धा १८९६ मध्ये सेंट पीटर्सबर्गला झाली. १९६८ पर्यंत एकूण गुणांपैकी ६० टक्के गुण या सक्तीच्या आकृत्यांना होते. पुढे त्यांचे वजन घटत गेले आणि १९९० नंतर जागतिक स्पर्धांतून त्या गेल्याच. त्यांच्याबरोबर बर्फावरचा पुरावाही गेला.

मुक्त प्रकारात प्रत्येक पंच सहापैकी दोन गुण देई: एक तांत्रिक, दुसरा कलात्मक परिणामाचा. या गुणांवरून त्या पंचाचे क्रमांक ठरत आणि क्रमांकांवरून विजेता. १९८८ च्या कॅलगरी ऑलिंपिकमध्ये अमेरिकेचा ब्रायन बोइटानो आणि कॅनडाचा ब्रायन ऑर्सर यांच्यात पुरुषांचे सुवर्णपदक अडले. मुक्त प्रकारात नऊपैकी पाच पंच बोइटानोकडे, चार ऑर्सरकडे. त्या पाचांतील दोघांच्या कागदावर दोघा ब्रायनांची बेरीज सारखीच होती! बरोबरी झाल्यास तांत्रिक गुण पाहावेत असा तेव्हा नियम होता, म्हणून ती मते बोइटानोला गेली. नियम उलट असता तर पदकही उलटले असते. बर्फावर काय घडले त्याइतकेच कागदावर काय ठरले होते तेही निर्णायक ठरले.

२००२ च्या सॉल्ट लेक सिटी ऑलिंपिकमध्ये जोडी प्रकारात पंचांवर दबाव आल्याचे प्रकरण उघडकीस आले आणि सहा गुणांची पद्धत मोडीत निघाली. २००४ पासून आलेल्या पद्धतीत प्रत्येक उडीला आणि गिरकीला मूळ किंमत असते. पंच ती किती चांगली झाली एवढेच सांगतात. कलेच्या बाजूचे गुण निराळे असतात. पंचांच्या आकड्यांतील सर्वांत मोठा आणि सर्वांत लहान वगळून सरासरी काढली जाते. गणिताच्या शिक्षकांना ही युक्ती ओळखीची वाटेल.

यानंतर वाद मिटला का? २०१० मध्ये व्हँकुव्हरला रशियाच्या येवगेनी प्लुशेंकोने चार फेऱ्यांची उडी मारली. अमेरिकेच्या इव्हान लायसाचेकने ती मारलीच नाही, तरीही सुवर्ण त्याला मिळाले: २५७.६७ विरुद्ध २५६.३६. कलेने कसबावर मात केली असे पुष्कळांनी म्हटले. गुणपत्रक वेगळेच सांगते. मुक्त प्रकारात कलेच्या बाजूचे गुण दोघांना अगदी सारखे, ८२.८० होते. फरक पडला तो तांत्रिक रकान्यात, ८४.५७ आणि ८२.७१ असा. लायसाचेकच्या सोप्या उड्या अधिक सफाईदार होत्या, आणि कार्यक्रमाच्या उत्तरार्धात मारलेल्या उड्यांना तेव्हा दहा टक्के जादा किंमत मिळे, तीही त्याने अधिक कमावली. म्हणजे हा कलेचा विजय नव्हता, नियम नीट वाचल्याचा होता.

उडीचे मोजमाप भौतिकशास्त्राच्या तासाला करून पाहण्यासारखे आहे. अर्धा मीटर उंच उडी मारली तर हवेत सुमारे ०.६४ सेकंद मिळतात. तेवढ्यात चार फेऱ्या म्हणजे सेकंदाला सहांहून अधिक. हात छातीशी घट्ट आवळले तरच हे जमते. कॅनडाच्या कर्ट ब्राउनिंगने १९८८ च्या बुडापेस्ट येथील जागतिक स्पर्धेत चार फेऱ्यांची पहिली मान्यताप्राप्त उडी मारली, आणि २०२२ मध्ये अमेरिकेच्या इलिया मालिनिनने साडेचार फेऱ्या पूर्ण केल्या. अर्ध्या अर्ध्या फेरीचा हिशोब असा चोख ठेवता येतो. कलेच्या बाजूचे घटक मात्र आधी पाच होते, ते २०२२ मध्ये तीन करण्यात आले. मोजायचे काय हेच जिथे बदलते, तिथे मोजपट्टीला दोष देऊन फारसे साधत नाही.

मोजता येणाऱ्या गोष्टीत चूक होत नाही असेही नाही. २००४ च्या अथेन्स ऑलिंपिकमध्ये दक्षिण कोरियाच्या यांग ते-यंगच्या समांतर पट्ट्यांवरील संचाची मूळ किंमत १०.० ऐवजी ९.९ धरली गेली. त्याला कांस्य आणि अमेरिकेच्या पॉल हॅमला सुवर्ण मिळाले. ही चूक सिद्ध झाली, कारण संचातले घटक पुन्हा मोजता आले. ‘या खेळाडूचा डौल एका दशांशाने कमी धरला’ असे मात्र कोणालाही कधीच सिद्ध करता येणार नाही. प्रशिक्षकांचा कल आपोआप मोजता येणाऱ्याकडे झुकतो, तो यामुळेच. निबंधात शुद्धलेखनाचे गुण कापणे सोपे आणि विचाराचे गुण देणे कठीण, हा अनुभव आपल्या शिक्षकवाचकांना नवा नाही.

२०१९ च्या फेब्रुवारीत मुंबईच्या शिवाजी पार्कवर मल्लखांबाची पहिली जागतिक स्पर्धा झाली. खेळ जितका दूर जाईल तितके नियम अधिक काटेकोर करावे लागतील, कारण परदेशातल्या पंचाने आखाडा पाहिलेला नसतो. वेलासारखे सावकाश, न तुटता उलगडणारे प्रकार यात मागे पडू नयेत, एवढीच आमची काळजी आहे. फरारे उठून दिसतात; वेलाकडे मात्र लक्ष देऊन पाहावे लागते.

हा सारा प्रकार वर्गात करून पाहायला बर्फ लागत नाही, खांबही लागत नाही. विरारजवळच्या चांदीपसारख्या गावातल्या शाळेच्या पटांगणावरही तो जमेल. चार मुलांना एकेक सूर्यनमस्कार घालायला सांगा. सात मुलांनी पंच व्हावे आणि दहापैकी एकच गुण द्यावा. मग तेच चौघे पुन्हा घालतील. या वेळी गुडघे, पाठ आणि श्वासाची लय यांचे गुण वेगवेगळे लिहावेत आणि बेरीज दहातच बसवावी. दोन्ही वेळच्या आकड्यांची सरासरी काढा, मध्यक काढा, सर्वांत मोठा व सर्वांत लहान आकडा वगळून पुन्हा सरासरी काढा. पहिला क्रमांक प्रत्येक रीतीने त्याच मुलाला मिळतो का, ते फळ्यावर मांडा.