क्युबावरील व्यापारबंदी : दोन शब्द आणि सहा दशके

एकाच वस्तुस्थितीला दोन नावे असतात, तेव्हा त्या नावांतच वाद दडलेला असतो. अमेरिकेने क्युबाशी तोडलेल्या व्यापाराला वॉशिंग्टन 'एम्बार्गो' म्हणते, म्हणजे व्यापारबंदी. हवाना त्यालाच 'ब्लोकेओ' म्हणते, म्हणजे नाकेबंदी. पहिल्या शब्दात 'आम्ही तुमच्याशी व्यवहार करणार नाही' एवढाच एका राष्ट्राचा निर्णय आहे. दुसऱ्यात वेढा पडलेल्या किल्ल्याचे चित्र आहे. गंमत अशी, की ऑक्टोबर १९६२ मध्ये क्षेपणास्त्रांच्या पेचप्रसंगात अमेरिकी आरमार खरोखरच समुद्रात उभे राहिले, तेव्हा केनेडींनी त्याला 'क्वारंटाइन' असे तिसरेच नाव दिले होते.

या बंदीचा आरंभ साखर आणि तेलातून झाला. १९६० मध्ये अमेरिकी कंपन्यांनी आपल्या क्युबातील कारखान्यांत सोविएत तेल शुद्ध करण्यास नकार दिला. कास्त्रो सरकारने ते कारखाने ताब्यात घेतले. आयझेनहॉवर यांनी क्युबन साखरेचा कोटा कापला. क्युबाने अमेरिकी मालमत्तेचे राष्ट्रीयीकरण केले. ऑक्टोबर १९६० मध्ये अन्न व औषधे वगळता निर्यात थांबली आणि फेब्रुवारी १९६२ मध्ये केनेडींच्या घोषणेने व्यापार जवळजवळ पूर्ण बंद झाला. यामागचा हेतू परराष्ट्र खात्यातील अधिकारी लेस्टर मॅलरी यांच्या ६ एप्रिल १९६० च्या टिपणात स्पष्ट आहे. बहुसंख्य क्युबन जनता कास्त्रोंच्या पाठीशी आहे, हे ते मान्य करतात आणि म्हणूनच पैसा व माल रोखून उपासमार आणि वैफल्य निर्माण करावे, म्हणजे सरकार कोसळेल, असे सुचवतात. या धोरणाचा लक्ष्यबिंदू पहिल्यापासून सामान्य माणसाचे ताट हाच होता.

ते ताट रिकामे झालेही. १९९१ मध्ये सोविएत संघ विसर्जित झाला आणि क्युबाचे राष्ट्रीय उत्पन्न सुमारे एक तृतीयांशाने घसरले. १९९२-९३ मध्ये कुपोषणाशी निगडित अशा नेत्र व मज्जातंतूंच्या विकाराने पन्नास हजारांहून अधिक लोकांना ग्रासले. नेमक्या त्याच वर्षांत बंदी आवळली गेली. १९९२ च्या कायद्याने अमेरिकी कंपन्यांच्या परदेशस्थ शाखांनाही क्युबाशी व्यापार करण्यास मज्जाव केला आणि क्युबाच्या बंदरात व्यापारासाठी थांबलेल्या जहाजाला १८० दिवस अमेरिकी बंदरे बंद केली. तिसऱ्या देशाच्या जहाजाला असा जाब विचारला जाऊ लागला, तेव्हा 'नाकेबंदी' हा शब्द केवळ प्रचाराचा राहिला नाही. आणि तरीही सरकार कोसळले नाही. फिडेल कास्त्रो २०१६ मध्ये वार्धक्याने वारले.

बंदीच्या समर्थकांचे म्हणणे मात्र उडवून लावण्यासारखे नाही. अमेरिकी आयोगाने प्रमाणित केलेले मालमत्तेचे ५,९१३ दावे आजही अनिर्णित आहेत. कवी एबेर्तो पादिया यांना १९७१ मध्ये तुरुंगात टाकून जाहीर आत्मनिंदा करावयास लावली गेली. २००३ मध्ये ७५ विरोधकांना दीर्घ शिक्षा झाल्या. जुलै २०२१ मध्ये रस्त्यावर उतरलेल्यांपैकी शेकडो जण गजाआड गेले. हे सारे खरे आहे. प्रश्न एवढाच, की बंदीने यातले काय थांबवले? उलट प्रत्येक टंचाईचे खापर फोडण्यासाठी तिने राज्यकर्त्यांना एक शत्रू आयता पुरवला. म्हणूनच जून २०१० मध्ये ७४ क्युबन विरोधकांनी अमेरिकी काँग्रेसला पत्र लिहून प्रवासबंदी उठवण्याची आणि शेतमालाची विक्री सुलभ करण्याची मागणी केली. ज्यांच्या नावाने शिक्षा दिली जाते तेच ती सैल करा म्हणत असतील, तर त्यांचे ऐकावयास हवे.

साहित्याच्या अभ्यासकाला या बंदीचे अंतरंग सर्वाधिक स्पष्ट दिसते ते पुस्तकांच्या बाबतीत. १९८८ मध्ये अमेरिकेने पुस्तके व चित्रपटांना निर्बंधांतून सूट दिली. पण अर्थखात्याने तिचा अर्थ असा लावला, की सूट फक्त पूर्ण झालेल्या कृतीला आहे. २००३ मध्ये इराणी लेखनाच्या संदर्भात त्याने असा निर्वाळा दिला, की हस्तलिखितावर संपादकाने केलेले संस्कार ही निषिद्ध 'सेवा' ठरते. क्युबन लेखकालाही हाच न्याय लागू होता. म्हणजे छापून तयार ग्रंथ चालेल, पण कच्च्या खर्ड्यातले वाक्य सुधारणे गुन्हा! लेखक-प्रकाशकांच्या संस्था २००४ मध्ये न्यायालयात गेल्या, तेव्हा त्याच वर्षाअखेर हा नियम शिथिल झाला. विचारस्वातंत्र्यासाठी म्हणून उभारलेली भिंत लेखक आणि संपादक यांच्या मधोमध येऊन उभी राहिली होती.

मग बंदी उठत का नाही? १९९६ पर्यंत ती मुख्यतः अध्यक्षांच्या अधिकारातली बाब होती. त्या वर्षी फेब्रुवारीत क्युबाने निर्वासितांच्या संघटनेची दोन विमाने पाडली, चौघे मारले गेले, आणि संतापाच्या लाटेत हेल्म्स-बर्टन कायद्याने बंदी संसदेच्या हाती गेली. त्यामुळेच ओबामा २०१५ मध्ये दूतावास उघडू शकले, बंदी उठवू शकले नाहीत. संयुक्त राष्ट्रांची आमसभा १९९२ पासून तिच्याविरुद्ध ठराव संमत करीत आली आहे. २०२५ मध्ये ठरावाचे समर्थन १६५ मतांवर आले, विरोधात ७ मते पडली. पण बहुमत भक्कमच राहिले.

व्यापार म्हणजे प्रशस्तिपत्र नव्हे, हे अमेरिकेला ठाऊक नाही असे नाही. ज्या व्हिएतनामशी लढताना तिचे अठ्ठावन्न हजार सैनिक कामी आले, त्याच्यावरील व्यापारबंदी तिने फेब्रुवारी १९९४ मध्ये उठवली. तिथे तेव्हाही कम्युनिस्ट पक्षाचेच राज्य होते, आजही आहे. जे दूरच्या शत्रूबाबत शहाणपणाचे ठरले, ते फ्लोरिडापासून दीडशे किलोमीटरवरच्या शेजाऱ्याबाबत दुबळेपणाचे का मानावे, याचे उत्तर अमेरिकेच्या अंतर्गत राजकारणात सापडते. न्यायात सापडत नाही.