नासासंधान

शस्त्राघाताने, रोगाने वा अपघाताने गेलेले नाक रोग्याच्याच शरीरातील त्वचा व इतर ऊतके वापरून पुन्हा घडविण्याच्या शस्त्रक्रियेस नासासंधान म्हणतात. चेहरा, मुख व मान यांचे नष्ट झालेले भाग भरून काढणाऱ्या ज्या पुनर्रचनात्मक शस्त्रक्रिया आज केल्या जातात, त्यांतील ही एक अतिप्राचीन शस्त्रक्रिया होय. तिच्या इतिहासात भारताचे स्थान मोठे असून त्यातील एक निर्णायक प्रकरण पुण्याच्या परिसरात घडले. या इतिहासाचा उल्लेख अभिमानाने वारंवार केला जातो. परंतु त्यातील ग्रंथोक्त भाग कोणता आणि प्रत्यक्ष कारागिरांच्या हाती टिकून राहिलेला भाग कोणता, हा भेद सहसा केला जात नाही.

नाक कापणे ही भारतात व अन्य देशांतही प्राचीन काळापासून रूढ असलेली शिक्षा होती. व्यभिचार, चोरी, फितुरी अशा अपराधांसाठी ती दिली जाई आणि युद्धात हाती सापडलेल्या शत्रूची विटंबना करण्यासाठीही ती वापरली जाई. जीव न घेता माणसाला जन्मभर समाजातून उठविणारी ही शिक्षा असल्याने तिची दहशत मोठी होती. मराठीत ‘नाक कापले जाणे’ म्हणजे अब्रू जाणे, हा अर्थ आजही कायम आहे. नाशिक या नगराच्या नावाचा संबंध शूर्पणखेच्या नासिकाछेदाशी जोडणारी लोकव्युत्पत्ती सर्वपरिचित आहे. अशा माणसाला नाक परत मिळणे हा केवळ सौंदर्याचा प्रश्न नसून पुन्हा चारचौघांत वावरता येण्याचा प्रश्न होता. ज्या समाजात नाके कापली जात, त्याच समाजात ती जोडण्याची विद्या वाढावी, हे त्यामुळे स्वाभाविकच म्हणावे लागेल.

या शस्त्रक्रियेचे प्राचीन वर्णन सुश्रुतसंहितेच्या सूत्रस्थानातील सोळाव्या अध्यायात मिळते. हा अध्याय मुख्यतः कान टोचणे आणि फाटलेल्या कर्णपाळ्या जोडणे यांविषयी असून त्यात कर्णबंधाचे पंधरा प्रकार दिले आहेत. नाकाचा विषय अध्यायाच्या अखेरीस, थोडक्यात येतो. प्रथम झाडाचे पान घेऊन ते गेलेल्या नाकाच्या मापाचे करावे; त्या मापाने गालाच्या बाजूची त्वचा काढावी; नाकाचा उरलेला बुंधा खरवडून त्यावर ती बसवावी व नीट बांधावी. श्वास चालू राहावा आणि नाकाला उंची यावी म्हणून दोन नळ्या आत ठेवाव्यात. त्यावर पतंग, ज्येष्ठमध व रसांजन यांचे चूर्ण टाकून पांढऱ्या कापसाने झाकावे आणि वरचेवर तिळाचे तेल शिंपडावे. जोड बसल्यावर नाक आखूड वाटल्यास वाढवावे, मांस जास्त झाल्यास समपातळीत आणावे. ओठाच्या बाबतीतही हीच पद्धत, मात्र नळ्यांवाचून वापरावी, असे सांगितले आहे. वाग्भटाच्या अष्टांगहृदयातही हा विधी आला आहे.

या वर्णनात कपाळाच्या त्वचेचा उल्लेख नाही. सुश्रुताची पद्धत गालाची आहे. नाकासाठी काढलेली त्वचा गालाला एका बाजूने जोडलेलीच ठेवावयाची की नाही, याविषयी हस्तलिखितांतील पाठ आणि अभ्यासकांची मते एकसारखी नाहीत. कानाच्या बाबतीत मात्र संहिता स्पष्ट आहे. कर्णपाळी नसलेल्याला ती करून देताना गालाचे मांस जिवंत व मूळ जागेशी अनुबंध राखून घ्यावे, असे तीत म्हटले आहे. पुनर्रचनेच्या शस्त्रक्रियेचे सारे मर्म या एका अटीत आहे. पूर्ण कापून वेगळा केलेला त्वचेचा जाड तुकडा रक्तावाचून मरतो. एका देठाने मूळ जागेशी जोडलेला तुकडा त्या देठातून रक्त घेत जगतो व तेवढ्या अवधीत नव्या जागी रुजतो.

सुश्रुतसंहितेनंतरच्या अनेक शतकांत ग्रंथनिष्ठ वैद्यांच्या परंपरेतून शस्त्रकर्म मागे पडत गेले. ते टिकले ते व्यावसायिक कारागिरांच्या घराण्यांत आणि तेथे त्याचे रूपही बदलले. सतराव्या शतकात भारतात राहिलेला व्हेनिसचा प्रवासी निक्कोलाव मनुची याने मोगल व विजापूरकर यांच्या युद्धकाळातील हकिकत देताना, नाक कापलेल्या माणसांच्या कपाळाची कातडी भुवयांच्या वरून सोडवून ती खाली नाकाच्या जखमेवर आणणाऱ्या देशी शस्त्रवैद्यांचे वर्णन केले आहे. हिमाचल प्रदेशातील कांगडा येथेही नाक घडविणाऱ्या घराण्यांची परंपरा होती. गालाऐवजी कपाळाची त्वचा घेण्याचा हा फेरबदल कोणी व केव्हा केला, याची नोंद कोणत्याही ग्रंथात आढळत नाही.

पुण्याचे प्रकरण याच परंपरेतील आहे. तिसऱ्या इंग्रज-म्हैसूर युद्धात (१७९०–९२) इंग्रजांच्या लष्करात बैल हाकण्याचे काम करणारा एक मराठा शेतकरी टिपू सुलतानाच्या हाती सापडला. त्याचे नाक व एक हात कापण्यात आला. तशा स्थितीत तो श्रीरंगपट्टणजवळ मुंबईच्या सैन्यात परत आला व पुढे ईस्ट इंडिया कंपनीचा निवृत्तिवेतनधारक झाला. इंग्रजी वृत्तांतात त्याचे नाव ‘कावसजी’ असे दिले आहे. हे नाव पारशी वळणाचे असून मराठा शेतकऱ्याच्या नावाशी ते जुळत नाही. मूळ नाव इंग्रजी कानांनी बिघडविले असावे, असे मानण्यास जागा आहे. सुमारे वर्षभर नाकावाचून काढल्यावर पुण्याजवळील, विटा करणाऱ्यांच्या जातीतील एका माणसाने त्याला नवे नाक करून दिले. हा कारागीर बहुधा कुंभार असावा.

हा वृत्तांत लंडनच्या जंटलमन्स मॅगझीन या मासिकाच्या ऑक्टोबर १७९४ च्या अंकात एका पत्राच्या रूपाने, चित्रासह प्रसिद्ध झाला. रोग्याचे चित्र शस्त्रक्रियेनंतर दहा महिन्यांनी, जानेवारी १७९४ मध्ये, जेम्स वेल्स (१७४७–९५) या चित्रकाराने काढले होते. पेशव्यांच्या दरबारातील इंग्रज वकील चार्ल्स मॅलेट याच्या आश्रयाने वेल्स पुण्यास काम करीत होता व सवाई माधवराव आणि नाना फडणीस यांची चित्रेही त्याने काढली. टॉमस क्रूसो व जेम्स फिंडले या मुंबई इलाख्यातील दोन इंग्रज शस्त्रवैद्यांनी अशी शस्त्रक्रिया प्रत्यक्ष पाहिली असल्याचे पत्रात नमूद आहे.

पत्रातील तपशील नेमका आहे. मेणाचा पातळ पत्रा नाकाच्या बुंध्यावर बसवून त्याला नाकाचा आकार देत. मग तो सपाट करून कपाळावर ठेवीत व त्याच्या कडेने रेघ ओढीत. रेघेच्या आतील कातडी कारागीर सोडवून घेई, परंतु दोन्ही डोळ्यांच्या मधोमध एक अरुंद पट्टी न कापता ठेवी. जुन्या व नव्या भागांचा सांधा जुळेपर्यंत या पट्टीने रक्ताभिसरण चालू राहते, असे पत्रलेखक स्पष्ट सांगतो. त्यानंतर बुंध्यावरील जुना व्रण तासून त्यामागे चीर घेत, कपाळाची कातडी अर्धी पिळून खाली वळवीत आणि तिची कड त्या चिरेत बसवीत. पाण्यात मऊ केलेला कात कापडाच्या पट्ट्यांवर लावून अशा पाच-सहा पट्ट्या एकावर एक सांध्यावर ठेवीत. चार दिवस दुसरा कोणताही उपचार नसे. नंतर तुपात भिजविलेल्या पट्ट्या ठेवीत. रोग्याला पाच-सहा दिवस उताणे निजावे लागे. दहाव्या दिवशी नाकपुड्या उघड्या राहाव्यात म्हणून त्यांत मऊ कापडाचे बोळे घालीत आणि सुमारे पंचविसाव्या दिवशी डोळ्यांमधील पट्टी कापून टाकीत. शस्त्रक्रिया बहुधा यशस्वी होते व कपाळावरील व्रण कालांतराने फारसा दिसत नाही, असाही निर्वाळा पत्रात आहे.

आधुनिक शारीरविज्ञानाच्या कसोटीवर ही कृती आश्चर्यकारक ठरते. भुवईच्या आतल्या टोकाजवळून एक रोहिणी कपाळावर चढते. कारागिराने राखलेली पट्टी नेमकी तिच्या मार्गावर येते. कपाळाची त्वचा रंगाने व पोताने नाकाच्या त्वचेशी जितकी जुळते, तितकी शरीरातील अन्य भागाची क्वचितच जुळते. कात स्तंभक असल्याने सांध्यातून पाझरणारे रक्त थांबण्यास मदत होत असावी. शुद्धिहरणाची सोय नसताना, एकाच बैठकीत, मापात चूक न करता हे काम करणारा माणूस पुष्कळ अनुभवी असला पाहिजे. रोग्याचे नाव, चित्रकाराचे नाव, साक्षीदारांची नावे या सर्वांची नोंद झाली. शस्त्रक्रिया करणाऱ्याची जात तेवढी नोंदली गेली, नाव नाही. पुण्याच्या दरबाराशी निकटचा संबंध असलेल्या इंग्रजांना ते विचारणे अवघड नव्हते. विचारण्याची गरज कोणाला वाटली नाही, इतकेच त्यावरून दिसते.

यूरोपात नासासंधान अगदीच अज्ञात नव्हते. पंधराव्या शतकात सिसिलीतील कातान्या येथील ब्रांका पितापुत्र नाके करून देत आणि त्यांपैकी पुत्राने त्यासाठी दंडाची त्वचा वापरली. बोलोन्याच्या गास्पारे ताल्याकोत्सी (१५४५–९९) याने १५९७ मध्ये या पद्धतीवर सविस्तर लॅटिन ग्रंथ प्रसिद्ध केला. तीत रोग्याचा दंड चेहऱ्याशी कित्येक दिवस जखडून ठेवावा लागे. ताल्याकोत्सीनंतर ही विद्या मागे पडली व पुढे तर ती थट्टेचा विषय झाली. त्यामुळे १७९४ चे पत्र यूरोपीय शस्त्रवैद्यांना नव्याने चालना देणारे ठरले. लंडनच्या जोसेफ कॉन्स्टंटाइन कार्प्यू (१७६४–१८४६) याने भारतातून परतलेल्यांकडे चौकशी केली, मृत शरीरांवर सराव केला आणि २३ ऑक्टोबर १८१४ रोजी कपाळाच्या त्वचेने पहिले नाक घडविले. त्याचा हा रोगी यकृतविकारावर घेतलेल्या पाऱ्याच्या औषधांनी नाक गमावलेला एक सेनाधिकारी होता. दुसऱ्या रोग्याचे नाक १८११ च्या आल्बुएराच्या लढाईत तलवारीने गेले होते. या दोन शस्त्रक्रियांवरील कार्प्यूचे पुस्तक १८१६ मध्ये निघाले. बर्लिनच्या कार्ल फेर्डिनांट फोन ग्रेफे (१७८७–१८४०) याने १८१८ मध्ये भारतीय व इटालियन या दोन्ही पद्धतींचा विचार करणारा जर्मन ग्रंथ लिहिला. तेव्हापासून कपाळाच्या पद्धतीला यूरोपात ‘भारतीय पद्धत’ हे नाव रूढ झाले.

या पद्धतीत एक मोठा दोष मात्र होता. नाक म्हणजे बाहेरची त्वचा, मधला कूर्चेचा सांगाडा आणि आतले श्लेष्मल अस्तर अशी तीन थरांची रचना असते. कपाळाच्या त्वचेने पहिला थर तेवढा मिळे. आतील उघडा पृष्ठभाग व्रणरूपाने आकसत जाई आणि प्रारंभी देखणे वाटणारे नाक काही महिन्यांत आखडून बसे. अस्तरासाठी त्वचा आत दुमडणे वा जवळची ऊतके उलटविणे आणि आधारासाठी कान वा बरगडी यांची कूर्चा घालणे, या सुधारणा एकोणिसाव्या व विसाव्या शतकांत हळूहळू झाल्या. जुनागढ संस्थानचे डॉक्टर त्रिभोवनदास मोतीचंद शहा यांनी १८८९ मध्ये शंभर नासासंधानांचा वृत्तांत प्रसिद्ध केला. त्यांचे बहुतेक रोगी दरोडेखोरांनी नाके कापलेले होते, यावरून हा अत्याचार किती उशिरापर्यंत चालू होता हेही कळते.

पहिल्या महायुद्धातील खंदकांच्या लढाईत चेहऱ्याच्या जखमा हजारोंनी झाल्या आणि एकट्या नाकाचा प्रश्न संपूर्ण जबडा, ओठ व गाल यांपर्यंत विस्तारला. सिडकप (इंग्लंड) येथील रुग्णालयात हॅरल्ड गिलीझ (१८८२–१९६०) व ओडेसा येथे व्ह्लाद्यीमिर फिलातॉव्ह यांनी १९१६-१७ मध्ये परस्परांपासून स्वतंत्रपणे देठाची त्वचा नळीसारखी शिवून घेण्याची युक्ती काढली. तिच्यामुळे देठाला जंतुसंसर्ग होण्याचा धोका कमी झाला व दूरच्या भागातील त्वचा टप्प्याटप्प्याने चेहऱ्यापर्यंत आणता येऊ लागली. पुढे हेच तत्त्व मुखाच्या कर्करोगात उपयोगी पडले. तंबाखूच्या सेवनामुळे हा रोग भारतात फार आढळतो. मुंबईचे टाटा स्मारक रुग्णालय (स्थापना १९४१) त्याच्या उपचाराचे प्रमुख केंद्र आहे. गाल, जीभ वा तोंडाचा तळ कापून काढल्यावर पडणारी पोकळी भरण्यासाठी १९६३ मध्ये इअन मॅग्रेगर यांनी कपाळाचीच त्वचा कानशिलाजवळच्या देठावर वळवून तोंडात नेली. तिने कपाळावर मोठा व्रण राही. १९६५ मध्ये छातीची त्वचा व १९७९ मध्ये छातीचा स्नायू त्वचेसह वापरण्याच्या पद्धती पुढे आल्या. नंतर सूक्ष्मदर्शकाखाली अवघ्या काही मिलिमीटर व्यासाच्या रक्तवाहिन्या शिवण्याचे तंत्र साधल्याने देठ कापून तो मानेतील रोहिणी-नीलांना तत्काळ जोडणे शक्य झाले. पायातील बारीक हाडाचा खालचा जबडा घडविण्याची पद्धत १९८९ पासून रूढ झाली.

महाराष्ट्रात या विद्येला कुष्ठरोग्यांच्या उपचारात वेगळेच वळण मिळाले. कुष्ठरोगात नाकाची बाहेरची त्वचा बहुधा शिल्लक असते. आतील अस्तर व कूर्चा नष्ट झाल्याने नाक खाली बसते. तेथे कपाळाची त्वचा आणण्याऐवजी आकसलेली त्वचा आतून सोडवून तिला नवे अस्तर व आधार द्यावा लागतो. गिलीझ यांच्या हाताखाली शिकलेले नोशिर अँटिया (१९२२–२००७) यांनी पुण्याजवळ कोंढवा येथील कुष्ठरोग रुग्णालयात अशा शस्त्रक्रिया केल्या व पुढे मुंबईच्या जे. जे. रुग्णालयात सुघटनशल्याचा विभाग उभारला. ज्यांची त्वचाच गेलेली असते अशा रोग्यांसाठी आजही कपाळाचीच निवड होते. देठाची रुंदी, अस्तर व सांगाडा यांबाबत पद्धत पुष्कळ सुधारली असली, तरी देठ साधारणतः तीन आठवड्यांनी, म्हणजे पुण्याच्या कारागिराच्या पंचविसाव्या दिवसाच्या थोडे अलीकडे कापतात.