आराखडा शाबूत, कारखाना कुठे?

१९८६ च्या बोफोर्स करारात तोफेचे तंत्रज्ञान भारताला देण्याची तरतूद होती. आराखडे आले, परंतु देशात तोफा घडल्या नाहीत. पुढे कित्येक वर्षांनी जबलपूरच्या गन कॅरेज फॅक्टरीत त्याच आराखड्यांच्या आधारे ‘धनुष’ साकारली. मूळ तोफेची नळी ३९ कॅलिबरची होती, धनुषची ४५ कॅलिबरची. पहिल्या सहा तोफा ८ एप्रिल २०१९ रोजी लष्कराकडे सुपूर्द झाल्या. आराखडे कपाटात टिकतात; त्यांतून वस्तू घडवणारी यंत्रे, सुटे भाग आणि कारागिरी मात्र सतत जोपासावी लागते.

सॉफ्टवेअरचेही तसेच आहे. सोर्स कोड हा आराखडा. ऑपरेटिंग सिस्टिम, कंपायलर आणि लायब्ररी मिळून त्याचा कारखाना होतो. मोठ्या प्रकल्पांत कोडमध्ये बदल झाला की स्वयंचलित यंत्रणा तो नव्याने बिल्ड करते आणि चाचण्या घेते. कोडची एक ओळही न बदलता हे बिल्ड एखाद्या दिवशी मोडते, कारण त्याच्या पायाखालची जमीन सरकलेली असते.

कणभौतिकीने हे मोठ्या प्रमाणावर अनुभवले. २००४ पासून फर्मीलॅब आणि सर्न यांनी जोपासलेली ‘सायंटिफिक लिनक्स’ ही या क्षेत्राची सामाईक भूमी होती. एप्रिल २०१९ मध्ये फर्मीलॅबने तिची आठवी आवृत्ती न काढता ‘सेंटओएस ८’ स्वीकारण्याचे जाहीर केले. त्या प्रणालीला २०२९ पर्यंत आधार मिळणे अपेक्षित होते. परंतु ८ डिसेंबर २०२० रोजी घोषणा झाली, की तो आधार २०२१ अखेरीसच संपेल. ‘सेंटओएस ७’ ची मुदतही ३० जून २०२४ रोजी संपणार होती. अखेर डिसेंबर २०२२ मध्ये दोन्ही प्रयोगशाळांनी ‘अल्मालिनक्स’ची शिफारस केली. मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेतील केंद्रासह जगभरची संगणन केंद्रे एकाच जाळ्यात गुंफलेली असल्याने असा बदल एका प्रयोगशाळेपुरता राहत नाही.

मग जुने वातावरण आहे तसे गोठवून का ठेवू नये? त्याचाही उपयोग आहे. सीएमएस प्रयोगाने २०१४ मध्ये २०१० ची विदा खुली केली, तेव्हा तिच्यासोबत त्या काळचे सॉफ्टवेअर चालवणारे आभासी यंत्रही दिले. त्यामुळे जबलपूरच्या विद्यार्थ्यालाही ती विदा तपासता येते. परंतु गोठवलेल्या प्रणालीला सुरक्षा-दुरुस्त्या मिळत नाहीत आणि नवे हार्डवेअर तिला ओळखत नाही. जुना निष्कर्ष पडताळण्यासाठी ती ठेवावी. चालू प्रकल्प तिच्यावर सोडू नये.

म्हणून बिल्डचे वातावरण थोडे-थोडे, नियमितपणे अद्ययावत करणे शहाणपणाचे. एका वेळी एकच लायब्ररी बदलली, तर काय मोडले ते त्याच दिवशी कळते. पाच वर्षांचे बदल एकदम केले, तर दोष नेमका कशात, हे शोधण्यातच संशोधकाचे महिने जातात. शिवाय टकरींची ती विदा पुन्हा गोळा करता येत नाही. ती वाचणारे सॉफ्टवेअर तरी चालते राहिले पाहिजे.