माझगावचे पाणी ते करावेची खाडी

पाम बीच रस्त्याने नेरुळहून बेलापूरकडे जाताना, करावे गावाजवळ खाडीच्या अंगाला ‘टी. एस. चाणक्य’ हे व्यापारी जहाजांवरचे अधिकारी घडवणाऱ्या संस्थेचे नाव दिसते. नवी मुंबईतल्या अनेकांना ते फ्लेमिंगोंमुळे ठाऊक आहे, कारण शेजारच्या पाणथळीला लोक संस्थेच्याच नावाने ओळखतात. ‘टी. एस.’ म्हणजे ट्रेनिंग शिप, प्रशिक्षण जहाज. पण आत जहाज नाही. आहेत त्या वर्गखोल्या, वसतिगृहे आणि परेडचे मैदान. तरीही हे नाव चुकीचे म्हणता येणार नाही. ते या संस्थेचे आडनाव आहे आणि ते माझगावच्या पाण्यातून आले आहे.

कोकणातला माणूस आगबोटीवर पूर्वीपासून होता. रत्नागिरीकडची माणसे पिढ्यान्‌पिढ्या सारंग, तांडेल, खलाशी म्हणून गोऱ्या कंपन्यांच्या जहाजांवर राबली. होकायंत्र, नकाशे आणि हुकूम मात्र ब्रिजवर, म्हणजे जहाज जिथून चालवतात तिथे असत, आणि तिथे साहेब उभा असे. 5 एप्रिल 1919 रोजी सिंदिया कंपनीचे ‘लॉयल्टी’ मुंबईहून लंडनला निघाले. सोलापूरचे वालचंद हिराचंद आणि नरोत्तम मोरारजी हे त्या कंपनीचे कर्ते. जहाज भारतीय झाले, पण ते चालवणारे अधिकारी आणायचे कुठून, हा प्रश्न तिथून धारदार झाला. 1923 मध्ये यासाठी सरकारी समिती बसली आणि तिने मुंबईत प्रशिक्षण जहाज असावे अशी शिफारस केली. 1927 साली ‘डफरिन’ माझगावच्या धक्क्यासमोर नांगरून उभे राहिले. ते 1904 मध्ये बांधलेले, रॉयल इंडियन मरीनचे, सैनिक वाहून नेणारे जुने जहाज होते. पहिल्या महायुद्धात त्याने तांबड्या समुद्रात गस्त घातली होती. आता त्यावर मिसरूड न फुटलेली हिंदी मुले चढली.

पहिल्या तुकडीत मद्रास इलाख्यातला सोळा वर्षांचा एक मुलगा होता, रामदास कटारी. डफरिनमधून बाहेर पडून तो कलकत्त्याला हुगळी नदीवर कामाला लागला. दुसरे महायुद्ध सुरू झाल्यावर नौदलाच्या राखीव दलातून त्याने गणवेश चढवला. 1956 मध्ये भारतीय ताफ्याची सूत्रे हाती घेणारे ते पहिले भारतीय ठरले आणि 22 एप्रिल 1958 रोजी पहिले भारतीय नौदलप्रमुख झाले. डिसेंबर 1961 मध्ये गोवा मुक्त झाला, तेव्हा नौदल त्यांच्याच हाताखाली होते. व्यापारी जहाजांसाठी काढलेल्या शाळेने देशाला नौदलप्रमुख दिला, याचे मला नवल वाटत नाही. समुद्रावर व्यापारी आणि लढाऊ अशी शिस्त वेगळी नसते. वादळ दोघांना एकच.

ही शिस्त मुलाच्या अंगात कशी उतरते, हे समजून घेण्यासारखे आहे. आपल्याकडे मुंज होते, बारसे होते, लग्न होते. कॅडेटचेही संस्कार असतात, फक्त त्यांना भटजी लागत नाही. पहिला संस्कार न्हाव्याच्या खुर्चीत होतो. घरून आलेले केस जमिनीवर पडतात, अंगावर गणवेश चढतो आणि श्रीमंताचा मुलगा व शाळामास्तरचा मुलगा एका रांगेत उभे राहिल्यावर ओळखू येत नाहीत. मग पहाटेची शिट्टी. डफरिनवर मुले टांगत्या कापडी झोळ्यांत झोपत, उठून त्या गुंडाळत, डेक घासत, पितळ चमकवत, बोटीत बसून एका ठेक्यात वल्ही मारत. पितळ चमकवण्यात कसले नेतृत्व, असे कुणालाही वाटेल. पण जो माणूस आपल्या वाट्याचे चार हात डेक कुणी बघत नसतानाही नीट घासतो, त्याच्याच हाती पुढे मध्यरात्रीचा पहारा देता येतो. वरिष्ठ वर्षातल्या मुलांतून कॅडेट कॅप्टन निवडला जातो आणि नव्या मुलांची जबाबदारी त्याच्यावर येते. आधी हुकूम पाळायचा, मग आपल्या हुकमाने दुसऱ्याचे काय होते ते सोसायचे, असा हा क्रम. माझ्या मते या संस्थेचे सगळे शिक्षण याच क्रमात आहे.

इथे एक गोष्ट स्पष्ट बोलली पाहिजे. निवासी प्रशिक्षणाच्या जगात ‘मुलांना कणखर करतो’ म्हणत छळ करण्याची वाईट चाल फार जुनी आहे. तिला संस्कार म्हणू नये. महाराष्ट्राने 1999 मध्ये रॅगिंगविरोधी कायदा केला, तो योग्यच केला. दमवणारी परेड सगळ्यांसमोर, सगळ्यांना सारखी असते. बंद दाराआड एकालाच गाठून केलेला अपमान हा नेतृत्वाचा पराभव आहे. जहाजावर ज्याच्यावर भरवसा ठेवायचा, त्याचीच भीती वाटू लागली तर आग लागल्यावर कोण कुणाच्या हाकेला धावेल?

खरा प्रवेश पुढे, पहिल्या जहाजावर होतो. डेक कॅडेट म्हणून मूल घरापासून हजारो मैल दूर जाते. पहिल्यांदा विषुववृत्त ओलांडणाऱ्याला नेपच्यून राजाच्या दरबारात उभे करायची जगभरच्या दर्यावर्दींची रीत आहे. कुणी जुना खलाशी राजा होतो, नवख्याला रंग फासून खाऱ्या पाण्यात बुचकळतात आणि वर प्रमाणपत्र देतात. करावेतला कोळी नारळी पौर्णिमेला दर्याला नारळ देऊन होडी लोटतो, त्याची आणि या रीतीची जात एकच. दोन्हींत माणूस समुद्राकडे परवानगी मागतो. मग परीक्षा देऊन अधिकारी झाल्यावर तो चार तासांचा पहारा येतो. ब्रिजवर अंधार, सोबत एक खलाशी, खाली झोपलेली वीस-बावीस माणसे. कॅप्टनला उठवायचे की नाही, हे ठरवण्याची ती पहिली रात्र. त्या रात्रीसाठीच केस कापले होते.

1972 मध्ये डफरिनची जागा ‘राजेंद्र’ या जहाजाने घेतली. 1993 मध्ये संस्था करावेला जमिनीवर आली आणि तिचे नाव ‘चाणक्य’ झाले. 2008 मध्ये भारतीय सागरी विद्यापीठ स्थापन झाले आणि ती त्याच्या नवी मुंबई परिसरात सामावली. आता इथे नौकानयनशास्त्राची पदवी मिळते. जमिनीवर येण्याने काहीतरी गेले, हे मान्य करायला हवे. पाण्यावर झोपणाऱ्याला भरती-ओहोटी पाठ करावी लागत नव्हती. पण मिळाले तेही कमी नाही. प्रयोगशाळा आल्या, जहाज चालवण्याचा हुबेहूब सराव देणारी यंत्रे आली. दर्यावर्दींच्या प्रशिक्षणाच्या आंतरराष्ट्रीय करारात 2010 मध्ये मनिला येथे झालेल्या दुरुस्त्यांनी नेतृत्व आणि संघकार्य हे जगभरच्या जहाज अधिकाऱ्यांसाठी सक्तीचे विषय झाले. डफरिनवर जे वल्ह्याने शिकवले जाई, ते आता अभ्यासक्रमात लिहिलेले आहे.

आणि ब्रिजवर आता मुलीही आहेत. मार्च 2021 मध्ये शेजारच्याच जेएनपीटी बंदरातून ‘स्वर्ण कृष्णा’ हे तेलवाहू जहाज निघाले, तेव्हा त्यावरचे सगळे अधिकारी स्त्रिया होत्या.

मला सलते ते एवढेच. सारंग आणि तांडेल ज्या किनाऱ्याने दिले, त्या किनाऱ्यावरच्या घरांत या संस्थेची माहिती फारशी पोचलेली नाही. उरण, पनवेल, अलिबाग, श्रीवर्धनच्या शिक्षकांना म्हणून विनंती आहे. नववी-दहावीच्या मुलामुलींना एकदा सांगा : बारावीला भौतिकशास्त्र, रसायनशास्त्र आणि गणित घ्यायचे, तिन्हींत मिळून 60 टक्के, इंग्रजीत 50 टक्के मिळवायचे, रंग ओळखणारी चांगली नजर हवी, आणि सागरी विद्यापीठाची सामायिक प्रवेश परीक्षा द्यायची. ही वाट खाडीपलीकडेच आहे.