पांढरीची साक्ष : हवाई छायाचित्रांचे संग्रह आणि पुरातन वारसा

वऱ्हाडातील गावाचे परंपरेने दोन भाग मानले जातात : काळी आणि पांढरी. पिकाऊ जमीन ती काळी, वस्तीची जागा ती पांढरी. एकाच जागी पिढ्यान्‌पिढ्या घरे उभी राहिली आणि पडली. मातीच्या भिंती, चुलीची राख, शेण, फुटकी मडकी यांचे थरावर थर साचले आणि तेथील माती राखट, फिकी होत गेली. गाव उठून गेले तरी ही पांढरी मागे उरते. यवतमाळ जिल्ह्याच्या काळ्याभोर शिवारात असा फिकट उंचवटा दिसला, की येथे कधीकाळी वस्ती नांदत होती, हे जाणता शेतकरी सहज ओळखतो. पुरातत्त्वज्ञांचाही शोध पुष्कळदा अशाच पांढरीपासून सुरू होतो.

परंतु जमिनीवर उभ्या असलेल्या माणसाला उंचवट्याचा एखादाच कोपरा दिसतो. त्याचा पूर्ण आकार, भोवतीचा खंदक, जुनी वाट हे सारे दिसण्यासाठी उंचावरची दृष्टी लागते. पुरलेल्या भिंतीवर माती उथळ असल्याने तेथील पीक खुरटे राहते व लवकर पिवळे पडते. बुजलेल्या खंदकात ओल टिकत असल्याने तेथील पीक उंच व हिरवेगार वाढते. सकाळ-संध्याकाळच्या तिरप्या उन्हात किंचित उंचवट्याचीही सावली लांब पडते. बांधावरून न उमगणाऱ्या या खुणा आकाशातून रेखाचित्रासारख्या स्पष्ट होतात.

या विद्येचा आरंभ युरोपात झाला. इंग्लंडमधील स्टोनहेंज या प्राचीन शिलावर्तुळाची छायाचित्रे १९०६ मध्ये लष्करी फुग्यातून घेण्यात आली. पहिल्या महायुद्धात विमानातून टेहळणी केलेले ओ. जी. एस. क्रॉफर्ड यांनी पुढे या पद्धतीला शास्त्राचे रूप दिले. १९२३ मध्ये त्यांनी स्टोनहेंजकडे जाणाऱ्या प्राचीन मार्गाचा लुप्त झालेला भाग शोधून काढला, तो हवाई दलाने आधीच घेऊन ठेवलेल्या छायाचित्रांच्या आधारे. ती छायाचित्रे घेणाऱ्या वैमानिकांना इतिहासाशी कर्तव्य नव्हते. परंतु ती जपून ठेवली गेली, म्हणून दुसऱ्याला वाचता आली. छायाचित्र-संग्रहाचे सारे महत्त्व या एका घटनेत सामावले आहे.

भारतातील एक बोलके उदाहरण जैन इतिहासाशी निगडित आहे. ओरिसात भुवनेश्वरजवळ शिशुपालगड नावाचा प्राचीन कोट आहे. १९४८ मध्ये बी. बी. लाल यांनी तेथे उत्खनन केले. प्रत्येक बाजूस दोन अशी आठ महाद्वारे असलेली त्या नगरीची चौकोनी आखणी हवाई छायाचित्रात एका दृष्टिक्षेपात दिसते. जवळच उदयगिरीवरील हाथीगुंफेत कलिंगाधिपती खारवेलाचा शिलालेख आहे. त्याचा आरंभच अर्हंतांना व सिद्धांना केलेल्या वंदनाने होतो. वादळाने मोडलेली कलिंगनगरीची द्वारे व तटबंदी आपण दुरुस्त केली, असे खारवेल त्यात नमूद करतो. ती नगरी म्हणजेच शिशुपालगड, असे अनेक विद्वान मानतात. याच लेखातील ‘कण्हबेंणा’ नदी म्हणजे विदर्भातील कन्हान-वैनगंगा होय, असे मत महामहोपाध्याय वा. वि. मिराशी यांनी मांडले होते. आज भुवनेश्वर शहराची वाढती वस्ती शिशुपालगडाच्या तटापर्यंत पोहोचली आहे. या नगरीचे मोकळे, अखंड रूप आता मुख्यतः जुन्या छायाचित्रांतच पाहावयास मिळते.

जुन्या चित्रांचा असाच एक मोठा ठेवा अनपेक्षितपणे जगापुढे आला. १९६० ते १९७२ या काळात अमेरिकेच्या ‘कोरोना’ नावाच्या हेर-उपग्रहांनी पृथ्वीच्या फार मोठ्या भागाची छायाचित्रे घेतली होती. फेब्रुवारी १९९५ मध्ये आठ लाख साठ हजारांहून अधिक चित्रे सर्वांसाठी खुली करण्याचा निर्णय झाला. शस्त्रास्त्रांचा सुगावा लागावा म्हणून घेतलेली ही चित्रे आज पश्चिम आशियातील लुप्त नगरे आणि जुने कालवे शोधण्यास उपयोगी पडत आहेत. शहरे वाढण्यापूर्वीची, धरणे भरण्यापूर्वीची आणि यंत्रांनी जमिनी सपाट होण्यापूर्वीची भूमी त्यांत दिसते, हे त्यांचे खरे मोल होय.

यवतमाळ जिल्ह्याच्या दृष्टीने हा मुद्दा जिव्हाळ्याचा आहे. पैनगंगेवर इसापूर येथे आणि बेंबळा नदीवर धरणे झाली. त्यांनी शेतीला पाणी दिले. त्याबरोबर नदीकाठची जुनी गावठाणेही पाण्याखाली गेली. अन्यत्र पांढरीची माती घरांच्या भिंतींसाठी, धाब्यांसाठी व शेतात पसरण्यासाठी खणून नेली जाते. यंत्राने दोन दिवसांत उंचवटा सपाट होतो. त्या उंचवट्यात कित्येक शतकांचा इतिहास असतो आणि तो पुन्हा उभा करता येत नाही. मागे उरते ते तारीख असलेले एखादे छायाचित्र, तेही कोणी जपले असेल तर.

आज साधने सुलभ झाली आहेत. इस्रोने २००९ मध्ये ‘भुवन’ हे संकेतस्थळ सुरू केले. २०२० मध्ये आरंभ झालेल्या ‘स्वामित्व’ योजनेत भारतीय सर्वेक्षण विभाग ड्रोनद्वारे गावठाणांची, म्हणजे पांढरीचीच, मोजणी करीत आहे. हेतू मालकी हक्काच्या नोंदीचा असला, तरी ही चित्रे जतन झाली, तर उद्याच्या अभ्यासकाला त्यांतून आणखी काही वाचता येईल. अर्थात आकाशातून दिसते ती केवळ खूण. खापरे, विटा व नाणी तपासून तिचा निर्णय जमिनीवरच करावा लागतो.

नोंदीचे मोल जैन समाजाला निराळे सांगावयास नको. कारंजा येथील ग्रंथभांडारांत श्रावकांनी शतकानुशतके पोथ्या जपल्या. रायबहादूर हिरालाल यांच्या १९२६ च्या सूचीमुळे त्या अभ्यासकांना ज्ञात झाल्या. अकोला जिल्ह्यातील राजनापूर खिनखिनी येथे मिळालेल्या जैन धातुमूर्ती नागपूरच्या मध्यवर्ती संग्रहालयात आहेत. त्यांच्याबरोबर त्यांच्या गावाचे नावही टिकले, म्हणून त्या विदर्भातील जैन धर्माच्या इतिहासाचा पुरावा ठरल्या. मूर्ती मिळाली पण स्थळ विसरले गेले, तर श्रद्धेला आधार मिळतो. इतिहास मात्र मुका राहतो.

म्हणून ज्या गावी ओसाड पांढरी आहे, तेथील वृद्धांच्या तोंडचे तिचे नाव, गट क्रमांक आणि तारीख-वार छायाचित्र एवढी नोंद तरी ती सपाट होण्यापूर्वी व्हावी. पूर्वजांनी पोथीच्या अखेरीस संवत, स्थळ आणि लेखनिकाचे नाव कटाक्षाने लिहून ठेवले. तोच कटाक्ष छायाचित्राच्या पाठीवरही असावा.