पलटणीतून गावकुसाबाहेर

१/ साताऱ्यात न्हाव्यांची वानवा नव्हती. तरीही सुभेदार म्हणून निवृत्त झालेल्या रामजी सकपाळांच्या मुलांचे केस थोरल्या बहिणीलाच कापावे लागत. सैनिक घरी परततो तेव्हा समाज त्याला कोणत्या नावाने ओळखतो? महार पेन्शनरांच्या इतिहासात या प्रश्नाचे उत्तर सापडते.

२/ कंपनीच्या मुंबई लष्करात महार सैनिक मोठ्या संख्येने होते. पलटणीने त्यांना वेतन, हुद्दा आणि मुख्य म्हणजे अक्षरओळख दिली. सैनिकांच्या मुलांसाठी लष्करी शाळा असत. रामजी स्वतः अशाच शाळेत मुख्याध्यापक होते.

३/ निवृत्तीनंतर यांतले पेन्शन तेवढे उरे. हुद्दा गावाच्या वेशीवर गळून पडे. पाणवठा आणि देऊळ पूर्वीसारखेच बंद.

४/ १९०१ मध्ये रामजी गोरेगाव (ता. खटाव) येथे दुष्काळी कामावर रोखपाल होते. त्यांना भेटायला निघालेली मुले मसूर स्थानकावर उतरली. नीटनेटक्या पोशाखामुळे स्टेशनमास्तरला ती ब्राह्मणाची वाटली. जात कळताच तो मागे सरला. दुप्पट भाडे घेऊन एक गाडीवान तयार झाला, पण गाडी मुलांनीच हाकायची, या अटीवर. वाटेत त्यांना पिण्याचे पाणी मिळाले नाही. त्यांतला एक मुलगा भीमराव होता.

५/ त्याआधीच दुसरा आघात झाला होता. ‘लढवय्या जमाती’च्या सिद्धान्तापायी १८९२-९३ च्या सुमारास महारांची भरती थांबली. वडिलांची पलटण मुलांसाठी बंद झाली.

६/ १८८६ मध्ये निवृत्त होऊन दापोलीत स्थायिक झालेले गोपाळबाबा वलंगकर मात्र स्वस्थ बसले नाहीत. ‘विटाळ विध्वंसन’ लिहून त्यांनी अस्पृश्यतेला शास्त्राधार मागितला. भरती पुन्हा सुरू व्हावी म्हणून १८९४ मध्ये अर्ज तयार केला. पुढच्याच वर्षी महाडच्या लोकल बोर्डावर त्यांची नेमणूक झाली, तेव्हा सवर्ण सदस्यांना ती रुचली नाही.

७/ १९१० मध्ये शिवराम जानबा कांबळे यांनी हीच मागणी भारतमंत्र्यांपर्यंत नेली. पहिल्या महायुद्धात मनुष्यबळ हवे झाले, तेव्हा १९१७ मध्ये १११वी महार पलटण उभी राहिली. गरज सरताच १९२१ मध्ये ती मोडली. आजची महार रेजिमेंट १९४१ ची, बेळगावात उभारलेली.

८/ पेन्शनीने या सैनिकांचा उदरनिर्वाह होई. प्रतिष्ठा तिने मिळत नव्हती. पण पलटणीत गिरवलेली अक्षरे परत घेण्याची सोय कोणत्याही सरकारी हुकमात नव्हती. अर्ज, पुस्तिका आणि पुढे चळवळ उभी राहिली ती त्याच अक्षरांवर.