परभणी शहरातील स्त्रियांचे आरोग्य

मराठवाड्यातील परभणी शहराची लोकसंख्या २००१ मध्ये सुमारे २.५९ लाख होती, २०११ मध्ये ती ३.०७ लाखांवर गेली आणि त्याच वर्षी नगरपालिकेची महानगरपालिका झाली. शहर वाढले तरी इथल्या बाईच्या प्रकृतीचा पाया दवाखान्याबाहेर, लग्नाच्या वयात आणि ताटात घातला जातो.

राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या पाचव्या फेरीत (२०१९–२१) परभणी जिल्ह्यातील २० ते २४ वयाच्या स्त्रियांपैकी ४८ टक्क्यांचे लग्न अठराव्या वर्षाआधी झालेले आढळले. राज्याचे प्रमाण सुमारे २२ टक्के आहे. सोळा-सतराव्या वर्षी मुलीची स्वतःचीच वाढ चालू असते. त्यात दिवस गेले की अंगातले थोडके लोह दोघांत वाटले जाते. जिल्ह्याच्या आरोग्याचा विचार याच आकड्यापासून सुरू व्हायला हवा.

त्याच पाहणीत राज्यातील १५ ते ४९ वयाच्या ५४ टक्के स्त्रियांना रक्तक्षय होता. हिमोग्लोबिन १२ ग्रॅमच्या खाली, गरोदरपणी ११ च्या खाली गेले की रक्तक्षय समजतात. दम लागतो, हातपाय गळतात, डोळ्यांपुढे अंधारी येते. तरी चार घरची धुणीभांडी करणारी बाई दुखणे अंगावर काढते. आशाताई लोहाची लाल गोळी देतात, पण मळमळ आणि काळी शौच यांना घाबरून अनेकजणी ती मध्येच सोडतात. काळा रंग लोहामुळेच येतो, त्याने अपाय नाही, हे आधी सांगितले तर भीती जाते. जेवणावर लगेच चहा घेतल्यास लोह नीट शोषले जात नाही. लिंबू पिळल्यास अधिक शोषले जाते.

याच शहरातील वसंतराव नाईक मराठवाडा कृषी विद्यापीठाने इक्रिसॅट या आंतरराष्ट्रीय पीक संशोधन संस्थेच्या सहकार्याने ‘परभणी शक्ती’ हे लोह-जस्तयुक्त ज्वारीचे वाण काढले. ते २०१८ मध्ये प्रसारित झाले. रोजच्या भाकरीतूनच लोह मिळावे, हा त्यामागचा विचार मोलाचा आहे. अर्थात घरात सर्वांत शेवटी जेवणाऱ्या बाईला ती भाकरी पोटभर मिळाली पाहिजे.

बाळंतपणापलीकडच्या आजारांकडे मात्र कमी लक्ष जाते. महाराष्ट्रात २६ सप्टेंबर २०२२ पासून ‘माता सुरक्षित तर घर सुरक्षित’ मोहिमेत अठरा वर्षांवरील स्त्रियांची तपासणी झाली; चाळिशीनंतर रक्तदाब आणि साखर दरवर्षी मोजलीच पाहिजे.

उपचारांसाठी शहरात जिल्हा रुग्णालय आणि स्त्री रुग्णालय असून २०२३ मध्ये शासकीय वैद्यकीय महाविद्यालय सुरू झाले. बाह्यरुग्ण विभागाची सकाळची वेळ आणि बाईच्या कामाची वेळ एकच; रांगेत थांबले की खाडा होतो, मजुरी बुडते. राज्यात २०२३ पासून सुरू झालेल्या ‘आपला दवाखाना’ची दुपारी २ ते रात्री १० ही वेळ म्हणूनच तिच्या सोयीची आहे.